राहते घर मुलांच्या नावावर करताना : बक्षीसपत्राची पद्धत

सोसायटीत मुलाचे नाव नॉमिनी म्हणून लावले म्हणजे घर त्याचेच झाले, असा समज महाराष्ट्रात घरोघरी आढळतो आणि तो चुकीचा आहे. नॉमिनी हा कायदेशीर वारसांच्या वतीने घर सांभाळणारा असतो; केवळ नामनिर्देशनामुळे त्याला मालकी मिळत नाही. हयातीतच मालकी द्यायची असेल तर नोंदणीकृत बक्षीसपत्र करावे लागते, मृत्यूनंतर द्यायची असेल तर मृत्युपत्र पुरते आणि वडिलोपार्जित घरातील एखाद्या सहहिस्सेदाराला आपला वाटा दुसऱ्यासाठी सोडायचा असेल तर हक्कसोडपत्र करतात. येथे विचार बक्षीसपत्राचा, म्हणजे स्वकष्टार्जित सदनिका किंवा घर विनामोबदला देण्याचा आहे.

अनेक जण या मार्गाकडे वळतात ते मुद्रांक शुल्कामुळे. निवासी मिळकत पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा मृत मुलाची पत्नी यांना बक्षीस दिल्यास महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये आहे. मुलगा हयात असताना सुनेला घर दिले तर ही सवलत मिळत नाही, जावयालाही नाही आणि दुकानाच्या गाळ्याला तर मुळीच नाही. भाऊ, बहीण किंवा आई-वडील यांच्यासाठी बाजारमूल्याच्या 3 टक्के दर आहे. स्थानिक अधिभार आणि नोंदणी फी यांचा हिशेब वेगळा होतो, म्हणून एकूण रक्कम दुय्यम निबंधक कार्यालयातून आधीच काढून घ्यावी.

शुल्क कमी आहे म्हणून घाईने सही करू नये, कारण नोंदणी झालेले बक्षीसपत्र मन बदलले म्हणून एकतर्फी रद्द करता येत नाही. ज्येष्ठ नागरिकांसाठी 2007च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायद्यातील कलम 23 हा मोठा आधार आहे : सांभाळ करण्याच्या अटीवर मिळकत दिली आणि घेणाऱ्याने सांभाळ केला नाही, तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकते. ही अट तोंडी समजुतीवर न सोडता दस्तात स्पष्ट लिहावी; उदाहरणार्थ, ‘लिहून देणार व त्यांची पत्नी यांना हयातभर सदर सदनिकेत राहण्याचा हक्क राहील आणि त्यांच्या अन्न, औषधोपचार व देखभालीची जबाबदारी लिहून घेणार यांच्यावर राहील.’ असे कलम घालणे हा मुलांवर अविश्वास दाखवणे नव्हे, आणि वकिलाने तयार नमुन्यात ते घातले नसेल तर मागून घ्यावे.

घर पती-पत्नीच्या संयुक्त नावावर असेल तर संपूर्ण घर देण्यासाठी दोघांच्याही सह्या हव्यात. गृहकर्ज चालू असल्यास बँकेची लेखी संमती आधी घ्यावी. दस्तात मिळकतीचे वर्णन मूळ करारातून जसेच्या तसे उतरवावे, कारण क्षेत्रफळ किंवा सर्व्हे नंबर चुकला तर पुढे चूकदुरुस्तीपत्र करावे लागते. घेणाऱ्याने बक्षीस स्वीकारल्याचा उल्लेख असावा. हा स्वीकार देणाऱ्याच्या हयातीतच झाला पाहिजे. शुल्क ई-चलनाने भरून दोन साक्षीदारांसमोर सह्या कराव्यात आणि सहीपासून चार महिन्यांच्या आत दस्त नोंदणीस सादर करावा. तेथे छायाचित्र आणि अंगठ्याचा ठसा घेतला जातो. आजारपणामुळे कार्यालयात जाणे शक्य नसल्यास घरी येऊन नोंदणी करण्याची विनंती करता येते.

आयकराच्या दृष्टीने मुलांना आई-वडिलांकडून मिळालेले घर करपात्र उत्पन्न ठरत नाही. मात्र मुलाने पुढे ते विकल्यास भांडवली नफा वडिलांच्या मूळ खरेदी किमतीवरून मोजला जातो, म्हणून जुना करार आणि पावत्या त्याच्याकडे सोपवाव्यात. पत्नीला दिलेल्या घराचे भाडे पतीच्याच उत्पन्नात धरले जाते.

नोंदणीनंतर सूची क्रमांक 2ची (इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताचा अधिकृत गोषवारा) प्रत घेऊन सोसायटीकडे हस्तांतरणाचा अर्ज करावा आणि भागपत्रावर (शेअर सर्टिफिकेट) नवे नाव चढवून घ्यावे. कुटुंबातील अशा हस्तांतरणावर सोसायटी अधिमूल्य (ट्रान्सफर प्रीमियम) मागू शकत नाही. मागितल्यास उपविधी दाखवावेत. स्वतंत्र घर असल्यास मिळकत पत्रिकेवर किंवा सातबाऱ्यावर फेरफार करून घ्यावा. मालमत्ता कर आणि वीजबिल यांवरील नावे त्यानंतर बदलता येतात.