धुरकट हवेत कोरडे डोळे सांभाळताना

डॉक्टर माझे डोळे कोरडे आहेत म्हणाले तेव्हा मला हसूच आलं. दुचाकीवरून घरी पोचेपर्यंत माझ्या डोळ्यांना धार लागलेली असायची! पण ते पाणी जळजळीमुळे येतं आणि ओघळून जातं. डोळ्यावर टिकणाऱ्या अश्रूंच्या थरावर तेलाचा पातळ पापुद्रा असतो, तो पाणी उडू देत नाही. धूर, ओझोन आणि हवेतले २.५ मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कण यांनी हा थर विस्कटू शकतो, मग चुरचुर सुरू.

हवा खराब असेल त्या दिवशी मी व्हायझर खाली ठेवते, पायी असले तर बाजूंनी झाकणारा चष्मा. गाडीत एसीचा झोत तोंडावर नको.

घरी आल्यावर आधी हात साबणाने धुवायचे. डोळे चोळायचे नाहीत (हे मला अजून जमत नाही). नळाच्या पाण्याचे हबके मारू नका, उरलासुरला थरही जातो. त्याऐवजी प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले कृत्रिम अश्रू (डोळे ओले ठेवणारे थेंब): खालची पापणी हलकेच ओढून एक थेंब, बाटलीचं टोक कुठेही न टेकवता, मग मिनिटभर डोळे मिटून. लाली घालवणारे थेंब रोज वापरायचे नसतात.

रात्री गरम पाण्यात पिळलेला मऊ कपडा मिटल्या पापण्यांवर ५ ते १० मिनिटं. तो लगेच निवतो, पुन्हा बुडवावा लागतो. कंटाळवाणं आहे, पण मला सगळ्यात जास्त फरक यानेच पडला.

डोळा दुखला, उजेड सोसेना किंवा अंधुक दिसलं तर हे सगळं सोडून डॉक्टर गाठा.