पिल्लाचे जुलाब थांबायचे आणि पुन्हा सुरू व्हायचे: शेवटी काय लागू पडलं

आमचं कुत्र्याचं पिल्लू खेळत होतं, खात होतं, पण शी पातळ, शेंबडासारखी चिकट आणि वास भयंकर. जरा बरं वाटलं की पुन्हा तेच. दूध बंद केलं, दहीभात दिला, नेहमीचं जंताचं औषधही झालं. फरशी पुसून जीव मेटाकुटीला आला.

शी तपासल्यावर जिआर्डिया, म्हणजे आतड्यात राहणारा सूक्ष्म परजीवी, निघाला. त्याचे सिस्ट (कवचातले जंतू) शीतून रोज पडतातच असं नाही, म्हणून वेगवेगळ्या दिवसांचे ताजे नमुने द्यावेत. डॉक्टरांनी वजन करून फेनबेंडाझोल दिलं: किलोला 50 मिलिग्रॅम, रोज एकदा, 5 दिवस, खाण्यातून. सोबत मऊ भात आणि बिनमिठाचं उकडलेलं चिकन, थोडं थोडं.

पण खरी मेख स्वच्छतेत. शी लगेच उचलायची. भांडी, अंथरूण उकळत्या पाण्यातून काढून उन्हात कडक वाळवायचं. औषधाच्या शेवटच्या दिवशी शाम्पूने आंघोळ, शेपटीखाली नीट घासून. केसांना चिकटलेले सिस्ट चाटून परत पोटात जातात. आमचं घोडं तिथेच अडलं होतं.

लसी अपुऱ्या असताना उलट्या, रक्त किंवा मलूलपणा दिसला तर पार्वो, म्हणजे पिल्लांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार, असू शकतो. तेव्हा हे काही करत न बसता त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि माणसांची जुलाबाची गोळी अजिबात नको.