ठाण्याच्या गच्चीवर आर्टिचोक: या चुका टाळा

पहिल्या वर्षी मी आर्टिचोक (याची कळी भाजी म्हणून खातात) मृगात पेरलं. पाऊस आला की बी मातीत टाकायचं, हे आपल्या हाडात भिनलेलं. जुलैअखेर कातरलेल्या, राखाडी-हिरव्या पानांची वीतभर रोपं झाली आणि ऑगस्टच्या झडीत आठवड्याभरात आडवी पडली. एक उपटायला गेलो तर नुसता पानांचा झुपका हातात आला. खोड मुळाला जुळतं तिथे काळपट लगदा, वास सडक्या बटाट्याचा. घोडबंदरच्या पावसात उघड्या गच्चीवर दुसरं काय होणार होतं!

तर पहिली चूक मुहूर्ताची. हे झाड भूमध्य समुद्राकाठचं. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो, म्हणजे आपल्या बरोबर उलटं. ठाण्यात किंवा नवी मुंबईत बी सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, आडोशाला, ट्रेमध्ये पेरा. ऑक्टोबर सरताना रोपं मोठ्या कुंडीत हलवा आणि ऊन नरमेपर्यंत वर हिरवी जाळी बांधा.

बी घेताना नावाला फसू नका. जेरुसलेम आर्टिचोक हा सूर्यफुलाच्या जातकुळीतला कंद. आपल्याला हवं ते ग्लोब आर्टिचोक. ते करडईचं आणि उटकटाऱ्याचं भाऊबंद, आणि त्याची खायची ती न उमललेली कळी. 'ग्रीन ग्लोब' जात सहज मिळते, पण तिला थंडी जास्त लागते. 'इंपीरियल स्टार' मिळाली तर तीच घ्या, ती एका हंगामात कळी देण्यासाठीच तयार केलेली आहे.

आता खरं दुखणं. झाड कमरेला लागतं, पानं हातभर, पण कळीचा पत्ता नाही. मग माणूस शेणखत वाढवतो, वर युरियाही टाकतो, आणि पानं आणखी माजतात. कमी पडलेली असते ती थंडी. बहुतेक जातींना १० अंशांखाली साधारण २५० तास काढल्याशिवाय 'हिवाळा झाला, आता फुलायचं' हे कळतच नाही. आपल्याकडे पारा १० च्या खाली उतरला तर पेपरात बातमी येते.

यावर दोन उपाय आहेत, मी दोन्ही करतो. बी रात्रभर भिजवून ओल्या टिश्यूत गुंडाळायचं, डबीत घालून दोन-तीन आठवडे फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवायचं (फ्रीजरमध्ये नाही), मग पेरायचं. नुसत्या याच्यावर मी विसंबत नाही. दुसरा उपाय नाशिकच्या द्राक्षवाल्यांना विचारा, ते 'जीए' म्हणतात ते जिबरेलिक अ‍ॅसिड, म्हणजे झाडांच्या वाढीचं संप्रेरक. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटी भागातले आर्टिचोकवालेही थंडीची उणीव त्यानेच भरून काढतात. रोपाला सहा-सात पानं आली की दोन-दोन आठवड्यांनी तीन फवारण्या, २० पीपीएमच्या, संध्याकाळी.

इथे हमखास घोळ होतो, तो मापाचा. २० पीपीएम म्हणजे लिटरला २० मिलिग्रॅम. एक ग्रॅमची पुडी ५० लिटरची असते, आणि लोक ती एका बादलीत ओततात. रोपं मग बांबूसारखी किडकिडीत ताणतात. शिवाय ही पूड पाण्यात सरळ विरघळत नाही. केमिस्टकडून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, त्यात पूड विरघळवून द्रावण ५० मिलिलिटर करा आणि लहान मुलांच्या औषधाच्या सिरिंजने मोजून लिटरभर पाण्यात १ मिलिलिटर घाला. सिरिंज त्याच कामाला ठेवा, बाटलीवर मोठ्या अक्षरात नाव लिहा, मुलांच्या हाताला लागू देऊ नका.

कुंडी किमान १८ इंचांची घ्या. मूळ खोल जातं. बाल्कनीच्या ग्रिलमध्ये दोन तास तिरपं ऊन येत असेल तर नाद सोडा, याला सहा तास लागतात. कोकोपीटचा मारा नको. लाल माती, मुरलेलं शेणखत आणि थोडी जाडसर रेती पुरे. कुंडीखाली ताटली ठेवू नका.

पानं माना टाकतात तेव्हा लगेच झारी उचलू नका. दुपारी मलूल आणि संध्याकाळी ताठ असतील तर तो उन्हाचा ताण. सकाळीही मलूल असतील आणि माती ओली असेल तर मुळं सडताहेत, पाणी थांबवा. मुंग्यांची रांग दिसली तर पान उलटून बघा, मावा (रस शोषणारी बारीक कीड) असणार. आधी पाण्याचा जोरदार फवारा मारा, मग लिटरला ५ मिलिलिटर निंबोळी तेल, थोड्या साबणाच्या पाण्यात फेटून.

कळी फेब्रुवारी-मार्चमध्ये येते, मोसंबीएवढी झाली तरी भाग्य समजा. आणखी मोठी होऊ दे म्हणून थांबलात की गेली. आपल्या उन्हात दोन-तीन दिवसांत पाकळ्या सुटतात आणि दाताला काथ्या लागतो. मुठीत दाबल्यावर कचकच वाजते तोवर दोन-तीन इंच देठासकट कापा. कापलेल्या भागाला लिंबू चोळा, नाहीतर तो काळा पडतो. उकडून झाली की मधली लव चमच्याने खरवडून टाका, ती घशात अडकते.

झाड बहुवर्षायू आहे हे वाचून पावसाळ्यात जपत बसू नका. मे महिन्यात मी कुंडी मोकळी करून तिथे भेंडी लावतो. एखादी कळी मात्र मुद्दाम ठेवतो. ती जांभळी उमलली की गच्चीवरचे भुंगे दिवसभर तिच्यात तोंड खुपसून असतात.