गौरीच्या फुगडीतलं गाणं नुसतं गायचं नाही, त्याचा अर्थ कसा काढायचा

आमच्या देवगडकडे गौरी आल्या की रात्र रात्र फुगड्या चालतात, आणि दरवर्षी कोणीतरी मुंबईची पोरगी मला विचारते की ही गाणी सगळी सासू, सासर, माहेर, रडगाणं, यात बायकांनी सोसायचंच असं शिकवलंय का? मला नाही तसं वाटत. ही गाणी म्हणजे बायकांनी तोंडी लिहून ठेवलेली तक्रारवही आहे, फक्त ती वाचायची कशी ते माहीत पाहिजे. मी गेली काही वर्षं काकीच्या शेजारी बसून जे शिकले ते सांगते.

आधी गाणं कागदावर उतरवा, आख्खं. मोबाईलवर रेकॉर्ड करायचं असेल तर विचारून करा आणि फोन वाजपाच्या जवळ ठेवू नका, नाहीतर शब्द कळतच नाहीत. मग प्रत्येक ओळीपुढे लिहा की हे कोण बोलतंय आणि कोणाला. एवढ्यानेच निम्मा अर्थ उलगडतो.

आता कारल्याचं गाणं घ्या, देशावर भोंडल्यात म्हणतात, आमच्याकडे काकी फुगडीला घेते. सासू म्हणते, कारल्याचं बी पेर गं सुनबाई, मग जा आपल्या माहेरा. सून म्हणते, बी पेरलं हो सासूबाई, आता तरी धाडा ना. मग कोंब, मग वेल, मग फूल, मग कारलं, मग भाजी, प्रत्येक वेळी नवीन काम. बघा, सासूच्या तोंडी सगळी क्रियापदं हुकमाची आहेत, पेर, येऊ दे, कर. सुनेच्या तोंडी सगळी झालेल्या कामाची, पेरलं, आलं, केलं. म्हणजे सून एकही काम टाळत नाही, तरी तिला जायला मिळत नाही. आणि ती कधीच "मी जाते" म्हणत नाही हां, ती "धाडा" म्हणते. जाणं तिच्या हातात नाही हे त्या एका शब्दात आहे. मला तर "आता तरी" हे दोन शब्द सगळ्यात जास्त लागतात, कारण त्यात आधी किती वेळा विचारून झालंय ते सगळं येतं.

दुसरं, गाण्यातली वस्तू खरी कशी असते ते बघा. कारलं पेरल्यापासून पहिलं फळ काढायला साधारण दोन महिने जातात. मृगात परसात बी टाकलं, वेल माटवावर चढवला, तर कारली लागेपर्यंत श्रावण येतो. म्हणजे सासू "हे एवढं कर आणि जा" म्हणते तेव्हा ती आख्ख्या पावसाळ्याची मुदत घालते, लावणी, बेणणी सगळं उरकून घेते, आणि पोरगी सुटते ती थेट गौरीच्या सुमाराला. शहरात बसून वाचलं तर हे वेडंवाकडं गमतीचं गाणं वाटतं, शेतात राबलेल्या बाईला हिशोब लगेच कळतो.

तिसरं म्हणजे गाण्यात कोण नाही ते शोधा. यात नवरा कुठे आहे? आमच्या भागात याचं उत्तर घराघरात आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्गातले पुरुष पिढ्यान् पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत होते, १९८२ च्या संपापर्यंत तरी तसंच, घरी मनीऑर्डर यायची आणि घर सासू-सून दोघी चालवायच्या. २०११ च्या जनगणनेतसुद्धा रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे अकराशेच्या वर बायका होत्या. मग भांडण सासू-सुनेचं दिसतं, पण दोघींना तिथे एकत्र ठेवून गेलेलं कोण, ते गाणं बोलत नाही. सासूला खलनायिका ठरवून मोकळं व्हायच्या आधी हा प्रश्न विचारा, तीपण कधीतरी धाडा ना म्हणून उभी होतीच की.

शेवट नीट ऐका. आणा फणी घाला वेणी, जाऊ द्या राणी माहेरा, असं येतं. इतका वेळ सून स्वतः बोलत होती, आता अचानक तिच्याबद्दल दुसरं कोणीतरी बोलतंय. कोण? मला वाटतं फुगडी घालणाऱ्या सगळ्याच. त्या तिला राणी म्हणतात, त्याच तिला पाठवून मोकळ्या होतात. काही ठिकाणी वेगळं गाणं चालतं, त्यात सून परवानगीसाठी सासूकडून सासऱ्याकडे, तिथून दिराकडे अशी फिरत राहते. दोन्ही लिहून ठेवा, एकच बरोबर असं काही नसतं, गाव बदललं की फरक पडतोच आणि त्या फरकातच खरी माहिती असते.

मग गाणं लिहिलं कोणी ते तपासा. फुगडीचं, जात्यावरचं बायकांनी बायकांत म्हटलेलं. दशावतारात मात्र बाईचं सोंग पुरुष घेतो, जाखडीत, म्हणजे आमच्या कोकणातल्या नाचगाण्यात, हल्लीच्या पोरींना नावं ठेवणाऱ्या ओळी मी ऐकल्यात त्या शाहिरांनीच रचलेल्या, सिनेमातल्या बऱ्याचशा "बाईच्या मनातल्या" गाण्यांचंही तेच. ती वाईट असतात असं नाही, पण तिथे बाईला काय वाटतं यापेक्षा बाईने कसं वागावं हेच जास्त कळतं. दोन्हीला एकाच मापाने मोजू नका. जात्यावरच्या ओव्या भरपूर हव्या असतील तर हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी जमवलेल्या लाखाच्या वर ओव्या आहेत, पारी (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) च्या वेबसाईटवर कितीतरी ऐकायलाही मिळतात. तिथे भाऊ किती वेळा येतो आणि नवरा किती वेळा, एवढं मोजून बघा फक्त.

आणि शेवटी म्हाताऱ्या बायांना विचाराच, पण "याचा अर्थ काय" असं विचारू नका, त्या "काय नाय गो" म्हणून सोडून देतात. "तुम्ही पहिल्यांदा माहेरी कधी गेलात?" असं विचारा. मी काकीला विचारलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती, हात थांबला तिचा. म्हणाली, "गाण्यातना बोलला काय कोण रागवत नाय गो." मग सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला आणि आपलं लग्न झाल्यावर पहिली गौर कशी सासरीच गेली ते सांगायला लागली, तेव्हा मी रेकॉर्डिंग बंद केलं आणि नुसती ऐकत बसले.