‘आय सॉ द डेव्हिल’ घरच्या मंडळात कसा दाखवावा

दक्षिण कोरियाचे दिग्दर्शक किम जी-वून यांचा ‘आय सॉ द डेव्हिल’ हा २०१० सालचा सूडपट मोबाइलवर तुकड्यातुकड्यांनी पाहण्याजोगा नाही, आणि कोणतीही पूर्वतयारी न करता दहा माणसांसमोर लावण्याजोगा तर मुळीच नाही. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका घरी आम्ही आठ-दहा जण महिन्यातून एकदा चित्रपट पाहण्यासाठी जमतो आणि त्या मंडळात मी हा चित्रपट दोनदा दाखवला आहे. पहिल्या वेळी रात्रीच्या जेवणानंतर, दहा वाजता, ‘थरारपट आहे’ एवढेच सांगून तो सुरू केला. एक ताई अर्ध्यातून उठून गेल्या, उरलेले शेवटी न बोलता चपला घालून निघाले, आणि दुसऱ्या दिवशीही त्याविषयी कोणी अवाक्षर काढले नाही. ती चूक सर्वस्वी माझी होती. दुसऱ्या वेळी जी तयारी केली ती येथे सांगत आहे.

निमंत्रण देण्याच्या आधी दाखवणाऱ्याने तो एकदा संपूर्ण पाहिला पाहिजे, कारण कोणती दृश्ये कोणाला असह्य होतील हे दुसऱ्या कोणाच्या सांगण्यावरून कळत नाही. कथेचा सांगाडा साधा आहे. गुप्तचर खात्यात काम करणाऱ्या किम सू-ह्यनच्या वाग्दत्त वधूचा जांग क्युंग-चुल नावाचा क्रूर खुनी जीव घेतो. ती निवृत्त पोलीस अधिकाऱ्याची मुलगी आहे. सू-ह्यन खुन्याला शोधून काढतो, पण पोलिसांच्या ताब्यात देत नाही आणि मारूनही टाकत नाही. तो त्याला जखमी करून सोडतो, पुन्हा गाठतो, पुन्हा सोडतो. नायकाची भूमिका ली ब्युंग-हुन यांनी आणि खुन्याची चोई मिन-सिक यांनी केली आहे. पडद्यावर स्त्रियांवरील अत्याचार, लैंगिक हल्ल्याचे प्रयत्न, मृतदेहांची विटंबना आणि अगदी जवळून दाखवलेल्या जखमा आहेत. हे सारे प्रत्येकाला स्वतंत्रपणे, शक्यतो फोनवर सांगावे. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात सांगितले की कोणाला नकार द्यायचा असूनही चारचौघांत तो देता येत नाही. ज्यांच्या घरी अलीकडे मृत्यू झाला आहे, अपघात झाला आहे, त्यांना या खेपेला बोलावू नये, आणि ज्यांनी नकार दिला त्यांना कारण विचारू नये. अठरा वर्षांखालील कोणीही, शेजारच्या खोलीत झोपलेले मूलसुद्धा, घरात नसावे, कारण यातल्या किंकाळ्या दाराआड थांबत नाहीत.

‘असले चित्र आपल्याकडे कशाला?’ असा प्रश्न एखादे वडीलधारे विचारतील. तो प्रश्न रास्त आहे आणि त्याला उत्तर देणे हे दाखवणाऱ्याचे कामच आहे. मी त्यांना कोल्हापूरचीच आठवण देतो. बाबूराव पेंटर यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार केलेल्या आणि १९२० साली पुण्यात झळकलेल्या ‘सैरंध्री’ या मूकपटात द्रौपदीच्या अपमानाचा सूड भीम घेतो. त्यातले कीचकवधाचे दृश्य इतके हुबेहूब वठले होते की त्याला सेन्सॉरची कात्री लागली. म्हणजे अपमान, सूड, पडद्यावरचे रक्त आणि कात्री हे चारही प्रश्न या गावाने शंभर वर्षांपूर्वीच हाताळले आहेत. कोरियातही किम जी-वून यांच्या चित्रपटाला तिथल्या वर्गीकरण मंडळाने दोन वेळा ‘मर्यादित प्रदर्शन’ असा शेरा दिला होता. तशा शेऱ्याचे चित्रपट दाखवण्यासाठी वेगळी चित्रपटगृहे लागतात आणि ती देशात जवळजवळ नसल्यामुळे तो शेरा म्हणजे व्यवहारात बंदीच असते. काही दृश्ये छाटल्यानंतर ऑगस्ट २०१० मध्ये तो केवळ प्रौढांसाठी प्रदर्शित झाला. कीचकवध आणि या चित्रपटातला फरक मात्र आधीच सांगून ठेवावा. कीचक मेला की प्रेक्षकाचे समाधान होते आणि कथा पुढे सरकते. इथे प्रेक्षकाला ते समाधान मिळेल असे वाटत राहते, आणि दर वेळी थोडे मिळाल्यावर त्याची किंमत कोणी मोजली हे दिग्दर्शक दाखवतो.

परवानगीविषयी थोडक्यात. आपल्या घरी आपल्याच माणसांसोबत पाहणे आणि सभागृह घेऊन, तिकीट लावून किंवा जाहीर निमंत्रण देऊन दाखवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या प्रकारासाठी हक्कधारकाची परवानगी लागते आणि ऑनलाइन चित्रपटसेवेची घरगुती वर्गणी भरली म्हणून ती आपोआप मिळत नाही. मोठा खेळ करायचाच असेल तर शहरातल्या फिल्म सोसायटीच्या जाणत्या मंडळींना आधी भेटावे.

वेळ संध्याकाळी सहाची ठेवावी. चित्रपट जवळपास दोन तास वीस मिनिटांचा आहे आणि त्यानंतर किमान एक तास बोलणे व्हायला हवे, म्हणजे साडेनऊपर्यंत सर्वांना घरी परतता येते. आधी चहा आणि काहीतरी हलके द्यावे. तांबडा-पांढरा रस्सा पुढच्या खेपेला. शक्य असेल तर पावसाळा टाळावा. आमच्याकडे जुलैत पत्र्यावर पाऊस सुरू झाला की शेजारी बसलेल्याचे बोलणे ऐकू येत नाही, आणि या चित्रपटातल्या सर्वांत भीतिदायक जागा शांततेच्या आहेत. बर्फाळ रस्त्यावर उभी असलेली गाडी, काचेवर पडलेली टकटक, नायकाच्या कानातल्या यंत्रातून येणारा दुसऱ्या माणसाचा श्वास. लॅपटॉपच्या स्पीकरवर हे सगळे हरवते आणि फक्त किंकाळ्या उरतात, त्यामुळे चित्रपट जितका आहे त्याहून रानटी वाटतो. म्हणून दोन बऱ्यापैकी स्पीकर लावावेत आणि आवाज सुरुवातीच्या संवादावर बेतून ठरवावा. बरीच दृश्ये रात्रीची असल्याने खिडक्यांना जाड पडदे हवेत. तळाची इंग्रजी उपशीर्षके मागच्या रांगेतून वाचता येतात की नाही हे आदल्या दिवशी स्वतः मागे बसून पाहावे. वीज गेल्यास इन्व्हर्टरवर प्रोजेक्टर चालतो का, हेही त्याच वेळी तपासावे. पहिली दहा मिनिटे कोणी चुकवू नयेत. बंद पडलेल्या गाडीत बसलेली ती तरुणी आणि कामात अडकलेला तो यांचे फोनवरचे बोलणे ऐकले नाही, तर पुढे त्याच्या संतापात अपराधाची भावना किती आहे हे कळणार नाही. दार सहाला बंद होईल असे निमंत्रणातच सांगावे.

डब केलेली आवृत्ती टाळून मूळ कोरियन आवाजातच चित्रपट दाखवावा, असे माझे ठाम मत आहे. चोई मिन-सिक यांचा घसा, त्यांचे कुरकुरणे आणि मध्येच मवाळ होणे हा अर्धा अभिनय आहे. मात्र इंग्रजी भराभर वाचणे ज्यांना जड जाते त्यांच्यासाठी मराठीत एका पानावर पात्रांची नावे आणि नाती लिहून द्यावीत. कोरियन नावात आडनाव आधी येते, त्यामुळे ‘किम’ आणि ‘जांग’ ही आडनावे आहेत. खुनी जांग आणि त्या तरुणीचे वडील असलेले जांग यांचा परस्परांशी काहीही संबंध नाही, हे लिहायला विसरू नये, कारण पहिल्या वेळी आमच्या दोघांचा तिथे गोंधळ झाला होता. आणखी एक गोष्ट कानाला सांगून ठेवावी. आपल्याकडे जसे ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांत अंतर आहे, तसेच कोरियनमध्ये क्रियापदाच्या शेवटात असते. वाक्य ‘यो’ने संपले तर बोलणारा अदब राखत आहे. हा ‘यो’ कुठे गळून पडतो याकडे लक्ष दिले, तर कोण कोणाला माणसातून उठवतो आहे हे उपशीर्षकांच्या आधी कळते. मराठी माणसाला हा फरक इंग्रजीतून वाचणाऱ्यापेक्षा लवकर उमगतो.

आता मुख्य भाग. चित्रपट एकदाच, ठरावीक जागी थांबवावा. नायक खुन्याला प्रथमच गाठतो, एका मुलीला त्याच्या तावडीतून वाचवतो, त्याला बेदम मारतो, आणि बेशुद्ध अवस्थेत त्याच्या पोटात ठावठिकाणा व आवाज कळवणारी एक कॅप्सूल उतरवतो. त्यानंतर त्याच्याजवळ पैशांचे पाकीट ठेवून निघून जातो. तिथे दिवे लावावेत. बोलू कोणी नये. प्रत्येकाला एक चिठ्ठी द्यावी आणि एकाच प्रश्नाचे उत्तर लिहायला सांगावे: ‘तुम्ही त्याच्या जागी असता, तर इथे काय केले असते?’ नाव लिहायचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. चिठ्ठ्या घडी घालून डब्यात टाकाव्यात आणि पाच मिनिटांत चित्रपट पुन्हा सुरू करावा.

ही जागा मी विचारपूर्वक निवडली आहे. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात कुस्ती पाहिलेल्या माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही. निकाली कुस्तीत पाठ मातीला लागली की कुस्ती संपते. वर असलेला पैलवान कितीही संतापलेला असो, चितपट झालेल्याला पुन्हा उभे करून पुन्हा पाडण्याचा त्याला हक्क नाही, आणि तसे कोणी केले तर मैदानातला वस्ताद आणि मैदानाभोवतीची माणसे दोघेही खपवून घेणार नाहीत. सू-ह्यन नेमके तेच करतो. प्रतिस्पर्धी चितपट झालेला असताना तो निकाल नाकारतो, कारण त्याला निकाल नको आहे, दुखणे लांबवायचे आहे. तिच्या अंत्यविधीच्या वेळी त्याने दिलेले वचन पाळण्यासाठी त्याला खुनी जिवंत आणि हिंडता-फिरता हवा असतो. त्या क्षणापर्यंत आमच्या खोलीतला प्रत्येक जण त्याच्या बाजूने होता, मीही होतो. त्यानंतर आपण किती वेळ त्याच्या बाजूने राहिलो, हे प्रत्येकाने मनाशी प्रामाणिकपणे पाहावे, यासाठी ती चिठ्ठी.

मध्यंतरानंतर एका व्यक्तीकडे मोजणीचे काम द्यावे. खुन्याला सोडल्यापासून शेवटापर्यंत ज्यांचा या दोघांच्या वैराशी काडीचा संबंध नव्हता, अशी किती माणसे मारली जातात किंवा जखमी होतात, याची कागदावर फक्त रेघ ओढत जावे. हे काम कोरडे वाटेल, पण याहून उपयुक्त युक्ती मला सापडलेली नाही. पाठलागाच्या वेगात आणि चतुर डावपेचांत ही माणसे डोळ्यांसमोरून निसटून जातात. रेघ मात्र कागदावर राहते. प्रेयसीची बहीण नायकाला थांबण्याची विनवणी करते, त्या वेळी कागदावर किती रेघा आहेत हे पाहून ठेवावे.

चर्चा सुरू करताना ‘कसा वाटला?’ असे विचारू नये, त्यावर ‘जबरदस्त’ किंवा ‘भयंकर’ यापलीकडे उत्तर येत नाही. आधी रेघांचा कागद मध्ये ठेवावा, मग चिठ्ठ्या वाचाव्यात. आमच्या डब्यात ‘तिथेच मारले असते’ असे लिहिणारे होते, ‘पोलिसांना फोन’ असे लिहिणारे होते, आणि ‘मीही सोडले असते’ असे लिहिणारी एक चिठ्ठी होती. त्या एका चिठ्ठीवर अर्धा तास गेला, आणि ती लिहिणाऱ्याने शेवटी स्वतःहून हात वर केला. त्याला कोणी दोष दिला नाही, कारण तोपर्यंत प्रत्येकाला आपापला असा एखादा क्षण आठवला होता ज्यात मार बसलेला पाहून बरे वाटले होते.

दोन गोष्टींना संयोजकाने आवर घालावा. पहिली म्हणजे ‘कोरियन माणसेच तशी’ हा निष्कर्ष. दक्षिण कोरियाच्या कायद्यात फाशी आहे, पण डिसेंबर १९९७ नंतर तिथे ती दिली गेलेली नाही, आणि सामान्य माणसाजवळ बंदूक असण्यावर कडक निर्बंध आहेत. म्हणूनच या सूडपटांत गोळीबारापेक्षा पाइप, हातोडा, सुरी अशी घरातली आणि कारखान्यातली हत्यारे दिसतात, आणि आपल्याला ती अधिक लागतात, कारण ती आपल्याही घरात आहेत. दुसरी म्हणजे चित्रपटाचे कौतुक करण्याच्या भरात त्याचा दोष झाकणे. या चित्रपटातल्या स्त्रिया बहुतेक वेळा बळी म्हणूनच येतात. ज्या तरुणीसाठी सारे घडते तिला स्वतःचे असे काही मिनिटांचेच आयुष्य मिळते. आमच्यातल्या दोन मैत्रिणींनी हे स्पष्टपणे मांडले आणि मला ते पूर्ण मान्य आहे. सूडाची पोकळी एवढ्या बारकाईने दाखवणाऱ्या दिग्दर्शकाला तिच्याकडे आणखी थोडा वेळ पाहता आले असते. ही तक्रार कोणी केली नाही तर संयोजकाने स्वतः करावी.

शेवटाचा प्रसंग मी इथे सांगत नाही, पण तो संपताच दिवे लावू नयेत. अखेरच्या दृश्यात कॅमेरा नायकाच्या चेहऱ्यावर आहे आणि त्या चेहऱ्यावर काय चालले आहे यावर आमचे एकमत आजही झालेले नाही. नामावली संपेपर्यंत अंधारच राहू द्यावा.

पुढच्या महिन्यासाठी पार्क चान-वूक यांचा २००५ सालचा ‘लेडी व्हेंजन्स’ ठेवावा, अशी माझी सूचना आहे. तेरा वर्षे तुरुंगात काढलेली स्त्री तिथे सूडाच्या केंद्रस्थानी आहे, आणि ज्यांनी आपली मुले गमावली ते पालकही त्या निर्णयात ओढले जातात, त्यामुळे मैत्रिणींनी काढलेला प्रश्न तिथून पुढे नेता येतो. ज्यांना हे सारेच फार जड वाटेल त्यांनी आधी निशिकांत कामत यांचा २०१६ सालचा ‘रॉकी हँडसम’ पाहावा. तो ‘द मॅन फ्रॉम नोव्हेअर’ या कोरियन चित्रपटाचा हिंदी अवतार आहे, आणि दोन्ही लागोपाठ पाहिले तर मूळ कलाकृतीतले काय आपल्याकडे आले आणि काय वाटेत राहिले, हे कळते.

निघताना एकट्याने घरी जाणाऱ्यांना सोबत द्यावी, विशेषतः ज्यांच्या वाटेवर अंधार आहे त्यांना. रेघांचा कागद फाडून टाकावा. चिठ्ठ्या ज्यांना हव्या असतील त्यांना परत द्याव्यात. आमच्याकडे एक सोडून सर्वांनी त्या मागून नेल्या.