वाइड लेन्स, नदी आणि राजगड : कुठला फिल्टर कधी लावायचा

पावसाळा लागला की पुण्यातले सगळे कॅमेरेवाले ताम्हिणीला पळतात. डोंगर आणि नदी एकाच फ्रेममध्ये हवी असेल तर मी तरी म्हणेन, सातारा रोडला नसरापूर फाट्यावरून आत वळा आणि गुंजवणे गावाच्या बाजूला जा, समोर राजगड आणि खाली गुंजवणी नदी. सकाळी या बाजूने किल्ल्यावर छान ऊन असतं, संध्याकाळी सूर्य किल्ल्यामागे जातो आणि मग आभाळ उडतं, म्हणजे फोटोत पांढरं फटक पडतं.

आता मुद्द्याचं. वाइड लेन्स डोंगर मोठा करत नाही, उलट बारका करते. 16 एमएमला बालेकिल्ला फ्रेममध्ये शोधावा लागतो आणि मग लोक लेन्सच्या नावाने खडे फोडतात. अरे पण पुढे काय ठेवलंय तुम्ही? नुसतं पाणी. एखादा शेवाळलेला दगड बघा, किंवा जिथे दोन दगडांच्या फटीतून पाणी वळतं ती जागा, आणि ट्रायपॉड गुडघ्याच्याही खाली आणून त्याच्यापासून दीड हातावर लावा. मग कॅमेरा वीतभर पुढेमागे करून बघा, डोंगर आहे तेवढाच राहतो पण दगडाचा आकार भलताच बदलतो. अर्धं कंपोझिशन इथेच होतं, बाकी फिल्टर वगैरे नंतर.

फोकस सोपाय. फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) 16 एमएम, अ‍ॅपर्चर एफ 11, फोकस साधारण एक मीटरवर, म्हणजे अर्ध्या मीटरपासून थेट किल्ल्यापर्यंत सगळं शार्प. एफ 22 ला जाऊ नका, अ‍ॅपर्चर इतकं बारीक झालं की उजेड पसरतो (डिफ्रॅक्शन) आणि फोटो मऊ पडतो.

एकच फिल्टर घ्यायचा असेल तर सीपीएल (चकाकी कापणारा फिरता पोलरायझर) घ्या, कारण ओल्या दगडांवरची चकाकी आणि पाण्यावरचं पांढरं प्रतिबिंब यानेच जातं, एडिटिंगमध्ये ते नीट होत नाही. लाइव्ह व्ह्यू बघत रिंग हळूहळू फिरवा, एका जागी तळातले गोटे दिसायला लागतात, पानांचा हिरवा गडद होतो. पण डोंगराचं प्रतिबिंब पाण्यात हवं असेल तर तेही पुसलं जातं, तेव्हा पूर्ण फिरवायचा मोह आवरा. आणि निळ्या आभाळात वाइडला सीपीएल लावला की आभाळाचा एकच पट्टा गडद होतो, फार विचित्र दिसतं. श्रावणातल्या ढगाळ हवेत ही भानगड नसते. सीपीएल लाइट दीड-दोन स्टॉप खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) तेवढं धरून चला.

एनडी, म्हणजे उजेड कमी करणारी काळी काच, पाणी सरकतं दाखवायला. 6 स्टॉपचा लावला की 1/15 चा शटर साधारण 4 सेकंदांवर जातो. 10 स्टॉपचा इतका काळा असतो की आधी फोकस करा, मॅन्युअलवर टाका, मगच लावा. पण खरं सांगू, सगळं पाणी दुधासारखं करायची काही गरज नाही, वेगात वाहणाऱ्या पाण्याला अर्धा ते एक सेकंद पुरतो, धारा धारा दिसतात, नदीत जोर आहे असं वाटतं.

ग्रॅज्युएटेड (आभाळासाठी वर काळा, खाली साफ) घेणार असाल तर सॉफ्ट एजचा घ्या, हार्ड एज समुद्राच्या सरळ क्षितिजासाठी ठीक, इथे माचीच काळी होऊन कापली जाते. ट्रायपॉड असेल तर दोन एक्स्पोजर (एक आभाळासाठी, एक खालच्यासाठी) घेऊन नंतर जोडलेलं मला जास्त आवडतं.

स्क्रूवाले दोन फिल्टर एकावर एक चढवले की 16 ला कोपरे काळे पडतात, मग 20 पर्यंत झूम करा किंवा होल्डरवाली सिस्टिम घ्या.

पाण्यात ट्रायपॉड असेल तर पाय वाळूत दाबून बसवा, स्टॅबिलायझेशन बंद, 2 सेकंदांचा टायमर. दर दोन फोटोंनंतर काच पुसा, वाइडला एफ 11 वर एकेक थेंब दिसतो. आणि पाणी गढूळ होऊन काटक्या वाहत यायला लागल्या तर वर डोंगरात जोरात पाऊस झालाय असं समजा, फ्रेम कितीही भारी असू दे, सगळं उचलून आधी काठावर या. घरी आल्यावर ओले फिल्टर पाउचमध्ये बंद करून ठेवू नका, पंख्याखाली पूर्ण वाळवा, नाहीतर गणपतीपर्यंत काचेवर फंगस.