लीग टू फॉलो करायचीय? मग ऑगस्टच्या आधी एवढं उरकून घ्या

लीग टू म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉलची वरून चौथी पायरी, 24 टीम आणि प्रत्येकीच्या 46 मॅचेस. सीझन सुरू झाल्यावर बघू हळूहळू असं म्हणाल तर सप्टेंबरपर्यंत कोण कुठल्या गावचं हेच कळेनासं होतं, स्वानुभव आहे. खरी तयारी जून-जुलैत होते.

आधी एक क्लब धरा. एकच. 24 च्या 24 फॉलो करायला गेलात की एकही होत नाही. पुणेकरांना माझा सल्ला ठरलेला आहे. आपल्या पुण्याच्या व्यंकीजने 2010 मध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्स घेतला तेव्हापासून ब्लॅकबर्न हे नाव इकडे लोकांना माहितीय, तर त्या ब्लॅकबर्नपासून जेमतेम सात-आठ किलोमीटरवर अ‍ॅक्रिंग्टन नावाचं छोटं गाव आहे, तिथला अ‍ॅक्रिंग्टन स्टॅनली बघा. पैसे संपले म्हणून 1962 मध्ये अर्ध्या सीझनात लीग सोडावी लागली आणि परत यायला 2006 उजाडलं, तेही नव्याने उभा केलेला क्लब घेऊन. ग्राउंडवर माणसं मावतात पाच हजारांच्या आसपास, आपल्याकडे तालुक्याच्या कुस्तीला याहून जास्त गर्दी होते. तुम्हाला दुसरा आवडला तर दुसरा घ्या, फक्त तो यंदा याच लीगमध्ये आहे ना ते आधी बघा, कारण दरवर्षी चार टीम वर जातात, गेली बरीच वर्षं दोन खाली जातायत आणि तेवढ्याच नव्या येतात, म्हणजे पाव लीग बदलते.

आता मुख्य काम, टीममध्ये राहिलंय कोण ते शोधणं. बहुतेक करार 30 जूनला संपतात, त्यामुळे मे महिन्यातच प्रत्येक क्लब कोणाला ठेवलं, कोणाला सोडलं याची यादी काढतो, तिला रिटेन्ड लिस्ट म्हणतात. ती क्लबच्या साइटवर जाऊन वाचा आणि वहीत तीन रकाने करा, राहिलेले, आलेले, लोनवरचे (म्हणजे दुसऱ्या क्लबकडून उसने आणलेले). हसू नका, वहीच बरी पडते. ट्रान्स्फर फी देऊन प्लेयर घेणं इथल्या बऱ्याच क्लबना झेपत नाही, निम्मा बाजार फुकटात सुटलेल्यांचा आणि वरच्या क्लबकडून उसन्या आणलेल्या पोरांचा.

या लोनच्या रकान्यावर लाल पेनाने खूण करा. का? 2024-25 मधला याच लीगमधला वॉलसॉल हा क्लब घ्या. जानेवारीत 12 पॉइंटने पुढे, लोकांनी त्यांना वरच्या लीगमध्ये बसवूनही टाकलं होतं. त्यांचा नेथन लो हा स्ट्रायकर गोलांचा रतीब घालत होता, पण तो स्टोक या क्लबचा, लोनवर आलेला, जानेवारीत स्टोकने त्याला परत बोलावलं आणि इकडे गाडी जी घसरली ती घसरलीच. पहिले तीन थेट वर जातात, हे चौथे राहिले, एका पॉइंटने, कारण शेवटच्या दिवशी ब्रॅडफर्डने आपल्या मॅचमध्ये 96व्या मिनिटाला गोल मारून तिसरा नंबर घेतला. मग वर जायच्या उरलेल्या एका जागेसाठी चार ते सात नंबरवाल्यांचा जो प्लेऑफ होतो, त्यातून वेम्बलीच्या फायनलपर्यंत गेले आणि तिथे विम्बल्डनकडून 1-0 हरले. नुसता लो गेला म्हणून सगळं झालं असं मी म्हणत नाही, पण तुमचा टॉप स्कोरर उसना असेल तर डिसेंबरपर्यंतच्या टेबलवर पेढे वाटू नका.

प्रीसीझन फ्रेंडलीचे, म्हणजे सीझनआधीच्या सरावाच्या मॅचेसचे, स्कोर सरळ सोडून द्या. त्यात ट्रायलवर आलेली पोरं खेळतात, तो फिटनेसचा मामला असतो. ईएफएल ट्रॉफी या खालच्या लीगमधल्या क्लबच्या कप स्पर्धेचंही जवळपास तेच, त्यात प्रीमियर लीगवाल्यांच्या अंडर-21 टीमपण असतात आणि मॅनेजर अर्धी टीम बदलतो. लीग कप मात्र चुकवू नका, त्यात प्रीमियर लीगचे मोठे क्लबही असतात, ऑगस्ट 2025 मध्ये तेव्हा लीग टूत असलेल्या ग्रिम्सबीने मँचेस्टर युनायटेडला 2-2 नंतर पेनल्टीवर 12-11 ने घालवलं ते याच स्पर्धेत. (नंतर एक प्लेयर मुदतीपेक्षा एक मिनिट उशिरा रजिस्टर झाला होता म्हणून ग्रिम्सबीला दंड बसला, पण रिझल्ट तोच राहिला.)

वेळेचं शेवटी सांगतो पण माझी सगळ्यात जास्त फजिती इथेच झालीय. शनिवारची दुपारी 3 ची मॅच आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळ मागे जातं, मग मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत तीच मॅच साडेआठला. मी एकदा साडेसातला चहा-भजी घेऊन बसलो आणि तासभर रिकामी स्क्रीन बघत भजी संपवली. मंगळवारची पावणेआठची मॅच म्हणजे आपली रात्री सव्वाबारा, थंडीत सव्वाएक, आणि मोबाइलमध्ये ती बुधवारच्या तारखेला टाकायची, नाहीतर 24 तास आधीच जागाल. एक गंमत म्हणजे शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच तिकडे टीव्हीवर लाइव्ह मॅच दाखवायला बंदी आहे, ती फक्त त्यांच्या देशात, म्हणून क्लबच्या साइटवर परदेशातल्यांसाठी व्हिडिओ पास आहे का ते जुलैतच बघून ठेवा आणि घेताना शनिवार-मंगळवार दोन्ही त्यात येतात ना ते तपासा.